सायलेन्सरचं जाकीट

"कुमुद, मी विमान कुठं लावलं?"

कॅप्टन जाचक हे मला विचारत होते ते विमानाच्याच पंखाखाली उभे राहून. इंजिन नुकतंच बंद झालं होतं, तापलेल्या पत्र्यातून अजून टिकटिक येत होती. त्यांचा थट्टेखोर स्वभाव मला माहीत होता, म्हणून मी हसणार होते. पण जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोराचे असावेत तसे त्यांचे डोळे होते.

"तुमच्या डोक्यावर आहे की, कॅप्टन."

त्यांनी वर पाहिलं. पंखाच्या कडेवरून हात फिरवला, दव पुसल्यासारखा. "हो की," म्हणाले, आणि कपाळ दाबत ऑफिसकडे निघाले. चालताना अंग डावीकडे झुकत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खानदेशातल्या एका माळावर आमचा फ्लाइंग क्लब होता. एक हँगर, एक निंब, चार आसनांचं एक विमान. त्या विमानाची इंजिनिअर मी. माझी सही झाल्याशिवाय ते उडत नसे. बाई इंजिनिअर नको म्हणून कमिटी अडून बसली होती, तेव्हा कॅप्टन म्हणाले होते, "सही करणारा हात बघा, त्यातली बांगडी कशाला बघता?" म्हणून मी तिथं होते.

खानदेश म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पण जानेवारीतली आमची पहाट कुणी पाहिलेली नसते. हरभऱ्यावर दव असं पडतं की शेतात शिरलेला माणूस गुडघ्यापर्यंत भिजून बाहेर येतो. अशा पहाटे कॅप्टन एकटेच विमान घेऊन वर जात. याला ते 'हवा बघून येणं' म्हणत. खाली आले की मग मुलांचे धडे सुरू. आणि धड्याला अन्वर किंवा दुसरा कुणी अंगात लोकर घालून आला की ठरलेलं वाक्य, "काय रे, उटीला निघालास का? वैमानिकाला थंडी वाजत नसते."

त्या दिवशीही दोन तासांनी ते फळ्यासमोर उभे होते, खडखडीत. वाऱ्याचं गणित तोंडी सोडवत होते. पंखाखाली हरवलेला माणूस तो हाच का, असं मला वाटून गेलं.

दुपारी निंबाखाली त्यांनी मला बोलावलं.

"सकाळचं कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. शनिवारी कमिटी आहे, तेव्हा मीच सांगणार आहे. मी उडणं सोडतोय."

निंबाची पिवळी पानं आमच्या दोघांमध्ये पडत होती.

"माझा थोरला भाऊ मामलेदार होता," ते म्हणाले. "आख्ख्या तालुक्याचे सर्व्हे नंबर तोंडपाठ. आधी चष्मा विसरायला लागला. मग घरचा रस्ता. शेवटी वहिनीला विचारायचा, बाई, तुम्ही कोणाच्या? आता माझं सुरू झालंय. आणि माझ्या शेजारी लोकांची पोरं बसतात, कुमुद."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे. ते त्याच्या तोंडून ऐकायचं धाडस नाही."

"हे होतं कधी?"

"म्हणजे?"

"असं विसरायला कधी होतं? सकाळी, दुपारी?"

ते विचार करत राहिले. "सकाळी. हवा बघून आलो की. डोकं ठणकतं, मळमळतं. चहा झाला, ऊन अंगावर आलं, की उतरतं."

"मुलांना घेऊन जाता तेव्हा?"

"नाही. अजून तरी नाही." एवढं बोलून ते उठले. "आता इंजिनिअरगिरी माझ्यावर नको करूस. मी काही विमान नाही."

हँगरमध्ये नाना बडगुजर काम करत होते. क्लबचे जुने मेकॅनिक. वेल्डिंगचा असा हात आख्ख्या जिल्ह्यात नव्हता. विमानाचा सायलेन्सर, म्हणजे इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणारा डबा, दरवर्षी टोकांना कुठं ना कुठं चिरायचा आणि नाना दरवर्षी त्याला टाका घालायचे. काम करताना गुणगुणायची सवय. चाल आईच्या ओवीची, शब्द त्यांचे स्वतःचे:

*पत्र्याचा रावा गं, माळावर उतरला*
*माझ्या हातचा टाका बाई, ढगांतून मिरवला*

"नाना, कॅप्टन कसे वाटतात तुम्हाला?"

ओवी थांबली. "वय झालं त्यांचं, ताई. लपवून काय उपयोग? परवा मला दोनदा विचारलं, पेट्रोल भरलं का म्हणून."

"सकाळी की दुपारी?"

"सकाळी."

"वय सकाळी येतं आणि दुपारी परत जातं का हो, नाना?"

नानांनी हातातला पाना खाली ठेवला.

कोपऱ्यात एक पेटी पावसाळ्यापासून पडून होती. त्यात धुराची सगळी नवी नळकांडी होती, सायलेन्सरसकट, इंजिनापासून धूर बाहेर पडतो त्या तोंडापर्यंतची. चांगल्या जाड पोलादाची, आतली घडण सुधारलेली. ती बसवायची तर विमान काही दिवस जमिनीवर राहणार, म्हणून क्लबचे सेक्रेटरी कोठावदे वकील दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात' म्हणायचे. मी पेटीकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे.

"माझा टाका फुटला असं म्हणायचंय का तुम्हाला?" नाना म्हणाले. आवाज शांत होता, पण दुखावलेला.

"मला काहीच म्हणायचं नाही. मला बघायचंय."

आम्ही इंजिनाची झाकणं काढली. आमच्या हँगरची रीत होती. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप उलटा लावून धुराच्या नळीत हवा सोडायची आणि वरून ब्रशने रिठ्याचं पाणी लावायचं. जिथं फट असेल तिथं फुगे येतात. नानांनी स्वतःच्या एकेका टाक्यावर पाणी लावलं. एकही फुगा आला नाही. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

"बघा," ते म्हणाले.

"आता जाकीट काढा."

"कशाला?"

सायलेन्सरच्या फक्त पोटाभोवती पत्र्याचं एक कवच असतं. त्याला आम्ही जाकीट म्हणायचो. सायलेन्सर आणि जाकीट यांच्या मधून हवा फिरते, तापते, आणि वैमानिकाने समोरची मूठ ओढली की ती केबिनमध्ये येते. हाच विमानाचा हीटर. पण खानदेशात हीटर कोण लावणार? इथं माणूसच हीटर, असं म्हणून सगळे हसायचे. ज्याचा वापर नाही त्याची तपासणी कोण करतो? माझ्या आधीच्यांनी ते जाकीट कधी उघडलं नव्हतं, आणि त्यांचं बघून मीही नाही.

स्क्रू गंजून बसले होते. तेल सोडून, ठोकून, एकेक वळवावा लागला. जाकीट निघालं तेव्हा आतून काजळी सांडली. नानांनी ब्रश टेकवला मात्र, रिठ्याचं पाणी उकळल्यासारखं फसफसलं. सायलेन्सरच्या पोटावर बोटभर लांबीची चीर होती.

मी व्हॅक्यूम बंद केला.

"अरे देवा," नाना म्हणाले. "म्हणजे हीटर लावला तर हा धूर थेट माणसाच्या नाकात."

"आणि त्यातल्या विषारी वायूला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. मोकळ्या हवेत आला की हळूहळू ताळ्यावर येतो."

"पण ताई, हीटर लावतंय कोण?"

मी केबिनमध्ये चढले. समोरच्या फळीवर मुठी रांगेत होत्या. हीटरची मूठ सगळ्यांत कोपऱ्यात. बोटाने तिचा दांडा बाहेर ओढला. कुणीच न वापरलेल्या मुठीचा दांडा धुळीने चिकट व्हायला हवा होता. तो विहिरीच्या रहाटासारखा गुळगुळीत, चकचकीत निघाला.

'वैमानिकाला थंडी वाजत नसते.' मुलं शेजारी असली की हात खिशात. एकटे असले की हात मुठीवर.

"कोण लावतंय?" नानांनी खालून पुन्हा विचारलं.

"बघते," म्हणाले मी. दुसऱ्याची थंडी माझ्या तोंडून गावभर व्हायला नको होती.

कोठावदे वकील दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून आले ते चिडूनच.

"पोरांच्या परीक्षा तोंडावर आल्यात, कुमुदताई! टाका घाला आणि चालू करा. दरवर्षी घालता ना?"

"या वर्षी नाही. सगळी नळकांडी बदलणार. पेटी फोडली मी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही पुढचा महिना म्हणाला असतात."

"हा निव्वळ बायकी हट्ट आहे."

"हट्ट म्हणा. सही माझी आहे, आणि ती मी जुन्यावर करणार नाही."

ते नानांकडे वळले. नाना जुन्या सायलेन्सरचा शेवटचा बोल्ट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "वकीलसाहेब, माझा टाका धडधाकट आहे. त्याच्या शेजारचं कापड विरलंय. विरलेल्या कापडाला किती ठिगळं लावायची?"

वकील गेले. खरी लढाई कॅप्टनांशी होती. ते हँगरच्या दारात आले, उघडं इंजिन बघितलं आणि खिन्न हसले.

"सासरी निघालेल्या पोरीसारखं नटवतेस की ग त्याला. बरं झालं. पुढच्या माणसाला नवं मिळेल."

नाना पाणी प्यायला गेले होते. मी विचारलं, "कॅप्टन, पहाटे वर थंडी वाजते का?"

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"मला? हिमालयात बर्फावर विमानं उतरवली आहेत मी, पोरी."

"हीटर लावता का कधी?"

"खानदेशात?" ते मोठ्यांदा म्हणाले. "वेड तुला लागलंय की मला?" आणि तरातरा निघून गेले. जाताना हात खिशात कोंबलेले. बोटांची पेरं सुजलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली.

म्हणजे सांगून भागणार नव्हतं. चीर दाखवली असती तरी ते म्हणाले असते, मी हीटर लावतच नाही, त्याचा माझा काय संबंध. आणि शनिवारी कमिटीसमोर आपलं डोकं गेलं असं सांगून घरी जाऊन बसले असते, भावाचं झालं तसं स्वतःचं व्हायची वाट बघत. त्यांना एकदा नव्या नळकांड्यांनिशी, हीटर लावून, वर न्यायलाच हवं होतं. तेही शनिवारच्या आत.

आम्ही कामाला लागलो. इंजिनाच्या बुडाशी एक जुना बोल्ट आतच तुटला. गुरुवारचा सगळा दिवस त्याने खाल्ला. मी भोक पाडत होते आणि नाना दिवा धरून बजावत होते, "सावकाश, ताई. रुसलेल्या जावयाला जेवायला उठवतात तसं उठवा. ओढाल तर बसेल." शेवटी तो निघाला. नव्या नळ्या बसवताना एकीकडून आवळत गेलं की दुसरीकडे ताण येतो आणि ताणातून पुढची चीर जन्मते. म्हणून सगळ्या बोल्टांना थोडं थोडं, फेरा घालत, फुगडीसारखं. नव्या जाकिटाला उघडायला कड्या होत्या. पाना लागत नव्हता, म्हणजे हँगरात उद्या आळसाला सबब नको. ज्याने घडवलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

त्या सगळ्या दिवसांत विमान जमिनीवर होतं. आणि कॅप्टन फळ्यासमोर सकाळीसुद्धा खडखडीत होते. एकदाही कपाळ दाबताना दिसले नाहीत. मी रोज बघत होते. माझ्या अंदाजाला आधार तोच होता.

शुक्रवारी दुपारी रिठ्याचं पाणी पुन्हा लावलं. इकडून, तिकडून, जाकिटाखालून. नाना डोळे बारीक करून बघत राहिले. पाणी निवांत ओघळलं.

आमच्या हँगरची अजून एक रीत होती, नानांच्याही आधीची. ज्याने बोल्ट आवळला त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं. मी फळ्याच्या खोलीत गेले.

"कॅप्टन, उद्या पहाटे चाचणी. मी बसणार."

"बस की. पुण्याहून दुसऱ्याला बोलावू. माझा भरवसा नाही."

"मी दुसऱ्याबरोबर बसणार नाही."

"कुमुद, वेडेपणा करू नकोस. तुझा जीव—"

"बोल्ट मी आवळलेत, जीव माझा आहे. कुणाच्या हाती द्यायचा ते मी ठरवणार. धावपट्टीच्या डोक्यावरच फिरू. तुम्हाला जरा जरी काही वाटलं की खाली. उतरल्यावर तुम्ही कमिटीला काय सांगायचं ते सांगा, मी अडवणार नाही."

खडू त्यांच्या हातात मोडला. "तुझ्या आईने तुला कसं वाढवलं ग?"

"धाकात," मी म्हटलं. "पण उपयोग झाला नाही."

शनिवारी दिवस उगवायच्या बेताला आम्ही वर गेलो. समोरच्या फळीवर मी बोटाएवढ्या ठिपक्याचा एक कागद चिकटवला होता, नव्या पेटीतून आलेला. विषारी वायू आला तर तो ठिपका काळा होणार होता. कॅप्टनांनी त्याच्याकडे बघितलं, विचारलं नाही.

खाली धुकं नदीच्या वळणावळणाने झोपलं होतं. काच गार, पाय गार, श्वासाची वाफ दिसत होती. मी तिरक्या नजरेने त्यांच्या हातांकडे बघत होते. उजवा हात आपोआप कोपऱ्यातल्या मुठीकडे निघाला. अर्ध्या वाटेत थबकला आणि मांडीवर येऊन बसला.

"कॅप्टन," मी म्हटलं, "मला थंडी वाजतेय."

"काय?"

"थंडी. मला सहन होत नाही. हीटर लावा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले. वाजवीपेक्षा जरा जास्तच कुडकुडले.

"खानदेशची पोर ती, आणि..." पुटपुटत त्यांनी मूठ ओढली. अगदी शेवटापर्यंत.

ऊब पायांकडून वर आली. त्यांनी सुजलेली बोटं त्या वाऱ्यासमोर धरली, एकेक करून उघडली. माझं लक्ष ठिपक्यावर. मग त्यांच्या तोंडावर. मग पुन्हा ठिपक्यावर. धावपट्टीवरून एक फेरा झाला, दुसरा झाला. माझा अंदाज चुकला असेल तर? चीर वेगळी आणि म्हातारपण वेगळं असेल तर?

"डोकं कसं आहे?" मी विचारलं.

ते खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "ती पांझरा." थोड्या वेळाने, "तो बंधारा. त्याच्या खालचे फड. ऊस, मग गहू, मग परत ऊस." पंख किंचित कलला. "ते महादेवाचं देऊळ. ती अन्वरच्या मामाची विहीर, मागच्या साली तिथं त्याला वळण शिकवलं." आवाज हळूहळू वर चढत होता. वाटेतलं एकेक गाव त्यांनी नावाने घेतलं, लेकीबाळींची नावं ओवीत गुंफावीत तसं, एकही मणी न सांडता. आम्ही धावपट्टीपासून जरा लांब आलो होतो. मी त्यांना जाऊ दिलं.

सूर्य वर आला. ठिपका पेटीतून काढला तसाच कोरा होता.

"काय सापडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"जाकिटाखाली चीर. हीटर लावला की जळका वायू आत."

"आणि मी लावतो हे?"

"मुठीचा दांडा चकचकीत होता."

त्यांनी मुठीच्या दांड्यावरून बोट फिरवलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

त्यांनी विमान धावपट्टीकडे वळवलं. एकदा फक्त बाहीने डोळे पुसले, आणि ते मला दिसू नये म्हणून माझ्याच बाजूची खिडकी तपासायला सांगितली. चाकं जमिनीला लागली ती कळलीसुद्धा नाहीत.

हँगरसमोर मुलं थांबली होती. कोठावदे वकील कमिटीसाठी लवकर आले होते. नाना फडक्याला हात पुसत उभे होते. कॅप्टन खाली उतरले, सरळ चालत हँगरमध्ये गेले आणि जुना सायलेन्सर दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. काजळी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागली.

"सगळे जवळ या. वकीलसाहेब, तुम्हीही."

सगळे आले.

"मला थंडी वाजते," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"बोटं वळत नाहीत. एकटा असलो की मी हीटर लावतो. दोन हिवाळे झाले. तुमच्यासमोर लावायची लाज वाटायची, म्हणून एकट्याने विष खात राहिलो. या मुलीने तोंडावर विचारलं, तर तिच्यावरच ओरडलो."

मग नाना म्हणाले, "एवढंच ना, सायेब? आधी बोलले असते तर घोंगडी दिली असती."

हशा पिकला. कॅप्टन सगळ्यांत जोरात हसले. वकील मात्र कागदांची पिशवी या हातातून त्या हातात करत होते. "मग आजच्या कमिटीत... तुम्ही काही सांगणार होतात ना?"

"सांगणार आहे. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून येतो. आता भीती वाटत नाही. मग सांगतो, की उन्हाळ्यातही जाकीट उघडल्याशिवाय हे विमान उडणार नाही." आणि ते मुलांकडे वळले. सायलेन्सर पुढे धरला. "अन्वर, हे काय आहे?"

"सायलेन्सर, सर."

"चूक. हे माझं म्हातारपण आहे. घे, हात लावून बघ, कुठं चिरलंय ते. आणि पुढच्याला दे."